साडेतीन क्रमांकाची एगी: दोन हंगामांच्या वापरानंतर

किनाऱ्यावरून माकूल (स्क्विड) गरवण्यासाठी लागणाऱ्या पाच एग्यांचा एक संच मी गेले दोन हंगाम सातत्याने वापरते आहे आणि त्याविषयी सविस्तर लिहिता येईल इतका अनुभव आता गाठीशी आला आहे. एगी म्हणजे कोळंबीच्या घाटाचे, कापडाने मढवलेले आणि शेपटाशी सुयांची कडी बसवलेले कृत्रिम आमिष. दुकानांत ते स्क्विड जिग या नावानेही मिळते. निर्मात्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या घडणीच्या एग्या अनेक जण करतात आणि मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीविषयी नसून या वस्तूच्या घडणीविषयी, तिच्या चालीविषयी आणि ती गरवणाऱ्याकडून कोणत्या वागणुकीची अपेक्षा करते त्याविषयी आहे.

एगी मूळची दक्षिण जपानमधली. तेथील कोळी काही शतकांपूर्वी ती लाकडातून कोरत असत, आणि पेटती मशाल समुद्रात पडली असता तिच्या जळक्या लाकडाला माकुलाने मिठी मारलेली पाहून ही कल्पना सुचली, अशी कथा तिकडे सांगतात. कथा खरी असो वा नसो, माकुलाचा स्वभाव तिच्यात अचूक पकडला आहे: ते आमिष गिळत नाही, त्याला कवटाळते. आजच्या एगीचे आकारही त्याच जुन्या मापात मोजले जातात. साडेतीन क्रमांक म्हणजे साडेतीन सून, आणि एक सून सुमारे ३.०३ सेंटिमीटरचा, म्हणून या संचातील प्रत्येक एगी साधारण १०.६ सेंटिमीटर लांब आहे. वजन वेष्टनावर २० ग्रॅम दिलेले आहे.

प्रथम घडण पाहू. अंग हलक्या प्लास्टिकचे असून त्यावर चकाकणाऱ्या पट्टीचा एक थर आणि त्या थरावर विणलेले कापड घट्ट बसवलेले आहे. दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पिसांचे छोटे पर आहेत. हनुवटीखाली शिशाचा चपटा तुकडा खोचून चिकटवलेला आहे, त्यामुळे एगी पाण्यात नाक खाली करून तिरकी उतरते आणि तळाला टेकली तरी शेपूट वर उचललेले राहते. सुया तळाच्या शेवाळापासून व दगडांपासून दूर राहाव्यात, हा या मांडणीचा हेतू आहे आणि तो बऱ्याच अंशी साधतो. सुयांची कडी दोन, एकावर एक. आणि या सुयांना गरीला असते तशी उलटी आकडी नाही. माझ्या मते संपूर्ण वस्तूतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तिच्याविषयी मी पुढे विस्ताराने लिहिणार आहे.

एगी कशी दिसते यापेक्षा ती कशी बुडते यावर तिची पारख व्हायला हवी. माकूल बहुतेक वेळा आमिष उतरत असताना त्याला धरते. रॉडच्या हिसक्याने एगी वर उसळते तेव्हा त्याचे लक्ष वेधले जाते, पण ते जवळ येते आणि शुंडके (भक्ष्य पकडणारे दोन लांब हात) टाकते ते ती संथपणे खाली जाऊ लागल्यावर. म्हणूनच बुडण्याचा वेग हा या वस्तूचा कणा आहे. वेष्टनावर एका मीटरला ३.५ सेकंद असा वेग छापलेला होता. तो पडताळण्यासाठी ओहोटीच्या वेळी खडकांत राहणाऱ्या, जवळजवळ दोन मीटर खोल आणि निश्चल अशा कुंडात मी प्रत्येक एगी पाच-पाच वेळा सोडून घड्याळ लावले. गोड्या पाण्यात ही परीक्षा घेण्यात अर्थ नसतो, कारण खारे पाणी अधिक घन असते आणि त्यात तीच एगी किंचित सावकाश उतरते. चार एग्यांनी दोन मीटरला सात सेकंदांच्या आसपास वेळ घेतला, म्हणजे छापलेला वेग खरा ठरला. पाचवी मात्र साडेपाच सेकंदांत तळाला गेली, आणि तिचे नाकही इतरांपेक्षा अधिक उभे होते. घरी येऊन वजन केले तेव्हा बाकीच्या चार २० ते २१ ग्रॅमच्या आणि ही एकटी २३ ग्रॅमची निघाली.

दोन-अडीच ग्रॅमचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्ष पाण्यावर त्याचा परिणाम असा होतो. तळ आठ मीटरवर आहे हे मला ठाऊक असेल, तर एगी पाण्याला टेकल्यापासून मी मनात आकडे मोजते आणि २५-२६ला पहिला हिसका देते, म्हणजे ती शेवाळाच्या थोडी वर असतानाच उचलली जाते. ही जड एगी २२ सेकंदांतच तळाला पोहोचते. उरलेले तीन-चार सेकंद ती शेवाळात पडून राहते, पुढच्या हिसक्याला एखादी फांदी ओढून आणते किंवा दगडाच्या फटीत रुतते. त्या पाचव्या एगीने पहिल्याच आठवड्यात मला दोनदा अडकवले आणि तिसऱ्यांदा ती तुटून गेली. पाच नगांच्या संचात चार नग चोख आणि एक असा निघावा ही माझी या उत्पादनाविषयीची मुख्य तक्रार आहे. जो नवखा गरवणारा मोजत नाही, त्याला एका एगीला माकुले का लागतात आणि दुसरीला का लागत नाहीत हे कधीच कळणार नाही, आणि तो दोष स्वतःकडे घेत राहील.

उरलेल्या चार एग्यांची चाल मात्र मनापासून आवडली. मी साडेआठ फुटांचा, २.५ ते ३.५ क्रमांकाच्या एग्यांसाठी आखलेला रॉड, २५०० आकाराचे रीळ, ०.८ क्रमांकाचा विणीचा दोरा आणि त्याच्या टोकाला सुमारे दीड मीटर फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे एगीला बांधायचा वेगळा दोरा, वापरते. या जोडणीवर एगी हवेत न गिरक्या घेता सरळ जाते, समोरून मध्यम वारा असला तरी फार हेलकावत नाही. दोन आखूड हिसके दिले की ती एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झेप घेते, आणि दोरा क्षणभर सैल सोडून पुन्हा हलका ताण धरला की त्याच जागेवरून नाक खाली करून उतरू लागते. स्वस्त एग्यांमध्ये हिसक्यानंतर अंग कुशीवर वळण्याचा दोष नेहमी आढळतो. या चारांत तो अजिबात नाही.

हिसका किती जोराचा असावा याविषयी नवख्या माणसाचा हमखास गैरसमज होतो. पाहणाऱ्याला रॉड सपकन वर गेलेला दिसतो, म्हणून तो खांद्यातून जोर लावतो, आणि मग एगी एकदम चार-पाच मीटर पुढे पळते. वास्तविक हिसका मनगटातून यायला हवा आणि एगी किनाऱ्याकडे न सरकता जागच्या जागी वर उसळायला हवी. त्यासाठी प्रत्येक हिसक्यानंतर दोऱ्यात थोडी सैलता ठेवावी लागते. ही वस्तू त्या बाबतीत चांगली शिक्षिका आहे: बरोबर हिसका दिला की हाताला वजन जाणवत नाही, चुकीचा दिला की पाण्याचा विरोध लगेच मनगटाला कळतो.

माकूल लागल्याची खूण माशासारखी नसते. मासा ओढतो, हिसडतो. माकूल फक्त थांबवते. उतरणारी एगी मध्येच थांबली, दोरा विनाकारण सैल पडला किंवा अर्धा हात बाजूला सरकला, की तेथे कोणीतरी आहे असे समजावे. एकदा सूर्य मावळल्यानंतर जेमतेम दहा मिनिटांनी मला हे सगळे डोळ्यांनी पाहायला मिळाले, कारण पाणी स्वच्छ होते आणि माकूल धक्क्याच्या अगदी पायथ्याशी आले होते. एगी माझ्यापासून तीन मीटरवर उतरत होती आणि तिच्यामागे हातभर अंतरावर एक माकूल परांची झालर लाटेसारखी हलवत अधांतरी थांबले होते. त्याचे आठही बाहू एकत्र मिटून समोर टोकदार झाले होते. अंग प्रथम जवळजवळ पारदर्शक होते, मग रंगपेशी उघडून त्यावर तपकिरी छटा धावत गेली आणि डोळ्याभोवती हिरवट चमक आली. एगी आणखी वीतभर खाली गेली. तेवढ्यात दोन लांब शुंडके बाहेर आली, एगीच्या पाठीला चिकटली आणि तिला बाहूंच्या घोळक्यात ओढून घेऊन माकूल मागे सरकू लागले. हे सर्व एका श्वासात घडले, आणि माझ्या हाताला त्यातले काहीच जाणवले नाही. दोरा किंचित ताठ झाला, एवढेच. तेव्हापासून मी दोऱ्याकडे पाहण्यात जराही हयगय करत नाही, आणि संध्याकाळी नीट दिसावा म्हणून उजळ रंगाचा दोराच वापरते.

आता सुयांविषयी. उलटी आकडी नसलेल्या सुयांचा अर्थ असा, की माकूल लागल्यापासून हातात येईपर्यंत दोरा एकदाही सैल पडता कामा नये. पडला तर ते सुटते, आणि त्याला सुटण्याचा हक्क आहे असे मी मानते. माकूल शरीरातील पाणी नळीवाटे जोराने बाहेर फेकून शेपटाच्या दिशेने मुसंडी मारते, थांबते, पुन्हा मुसंडी मारते. त्या मुसंडीच्या वेळी रीळ फिरवणे ही चूक आहे. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) अर्धा ते एक किलोच्या ताणाला सुटेल असा ठेवावा, मुसंडीला दोरा जाऊ द्यावा, ती ओसरली की सावकाश आणि अखंड गुंडाळावे. ज्याने ड्रॅग आवळून ठेवला त्याच्या एगीला अनेकदा नुसते तुटलेले शुंडक चिकटून येते. सुई बाहूंच्या बुडाशी रुतली असेल तर पकड भक्कम असते, पण केवळ एका शुंडकात रुतली असेल तर एका ओढीत ते तुटते आणि शिकारीचे मुख्य साधन गमावून बसलेले माकूल पाण्यात परत जाते. पकडलेले घरी नेणे किंवा अक्षत सोडून देणे या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. अर्धवट फाडून सोडणे मला कधीच मान्य होणार नाही.

या संचातील सुया बारीक, टोकदार आणि पुरेशा लवचीक आहेत. एगी दगडात अडकली तर एखादी सुई वाकते, ती बारीक पकडीने एकदा सरळ करता येते. दुसऱ्यांदा वाकली तर मात्र तिचा भरवसा धरू नये. गंजाच्या बाबतीत समाधान आहे. दरवेळी गोड्या पाण्याने धुऊन व सावलीत वाळवून ठेवल्याने दोन हंगामांनंतरही टोके नखाला धरतात, म्हणजे अंगठ्याच्या नखावरून हलकेच फिरवली असता घसरत नाहीत. कापड तितके टिकत नाही. माकुलाच्या तोंडात पोपटाच्या चोचीसारखी कठीण चोच असते आणि शिवाय दातांचे मासे एगीवर तुटून पडतात, त्यामुळे पाठीवरचे कापड पहिल्याच हंगामात दोन ठिकाणी फाटले. फाटक्या कापडाच्या एगीलाही माकूल लागते असा माझा अनुभव आहे, पण चिंध्या लोंबू लागल्या की बुडण्याचा वेग बदलतो, म्हणून त्या वेळच्या वेळी कापून टाकाव्यात. एका एगीचे शिसे दुसऱ्या हंगामात सैल झाले. जलरोधक डिंकाने ते पुन्हा बसवले आणि त्यानंतर तक्रार राहिलेली नाही.

रंगांविषयी निर्मात्यांनी जेवढा गाजावाजा चालवला आहे तेवढा मला पटत नाही. बहुतेक माकुलांच्या डोळ्यांत प्रकाश टिपणारे एकच रंगद्रव्य असते, म्हणजे नारिंगी आणि गुलाबी यांतला जो फरक आपण दुकानात हौसेने पाहतो तो त्यांना आपल्यासारखा दिसत नाही. त्यांना कळतो तो उजेड-अंधाराचा फरक, चकाकी, आकृतीची कड. शिवाय ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाशही ती ओळखतात, जो आपल्याला ओळखता येत नाही. त्यामुळे कापडाखालची पट्टी सोनेरी आहे, रुपेरी आहे की गडद लाल, याला अधिक महत्त्व द्यावे. निरभ्र संध्याकाळी मला सोनेरी पट्टीची एगी उपयोगी पडली. गडूळ पाण्यात आणि रात्री गडद एगी, कारण वरून येणाऱ्या अंधूक उजेडासमोर तिची आकृती ठळक होते. नारिंगी कापड मात्र मी सोडणार नाही, आणि त्याचे कारण माकूल नसून मी आहे: एगी पायाशी येताना ती मला दिसावी लागते, म्हणजे तिच्यामागून आलेले माकूलही दिसते. पाच रंगांच्या संचात तीन रंग कामाचे आणि दोन केवळ संख्या भरण्यासाठी आहेत.

एगी उचलून माकूल वर घेणे ही स्वतंत्र कला आहे. कठड्यावरून रॉडनेच लोंबकळत वर ओढले तर अंगाच्या वजनाने बाहू फाटतात आणि मोठे माकूल अर्ध्या वाटेत पडते. लांब दांड्याची जाळी हवी, आणि ती समोरून नव्हे तर शेपटाच्या बाजूने पाण्यात धरायला हवी, कारण घाबरलेले माकूल मागे पळते आणि मग ते आपणहून जाळीत शिरते. पाण्याबाहेर काढण्यापूर्वी त्याला पृष्ठभागावर एक-दोन वेळा पाणी व शाई फेकू द्यावी. त्याने तुमचे कपडेही वाचतात आणि शेजाऱ्याचेही.

न्यायचे असेल तर ते लगेच आणि नीट मारावे, ही गोष्ट या छंदात अजून पुरेशी रुजलेली नाही. कोरड्या बादलीत गुदमरत ठेवलेले माकूल रंग बदलत, शाई सोडत बराच वेळ तडफडत राहते. दोन डोळ्यांच्या मधोमध टोकदार सळई तिरकी करून धडाच्या दिशेने टोचली की धड एका क्षणात पांढरे पडते. तीच सळई त्याच ठिकाणाहून बाहूंच्या दिशेने टोचली की डोके व बाहू पांढरे पडतात. दोन्ही भाग पांढरे झाले म्हणजे काम पूर्ण झाले. निर्मात्याने संचासोबत अशी सळई दिली असती तर एखादा रंग कमी असलेला मला चालला असता.

सोडून देणे या एगीने फार सोपे होते. माकुलाला हात न लावता, पाण्यातच एगीचे शेपूट पकडीने धरून सुयांची टोके खाली होतील अशी उलटी केली की ते स्वतःच्या वजनाने निसटते. धड मुठीत आवळू नये आणि कोरड्या दगडावर ठेवू नये, कारण त्याची त्वचा अतिशय नाजूक असते आणि खरवडलेली जागा सहज भरून येत नाही. आकडी असलेल्या गरीने हे शक्य झाले नसते. काही जण माकुले वारंवार सुटतात म्हणून सुयांना कानशीने खाचा पाडतात, असे मी पाहिले आहे. त्यांना माझी विनंती आहे की सुटलेली माकुले मोजण्याऐवजी आपला दोरा किती वेळा सैल पडला ते मोजावे. पहिल्या हंगामात माझ्या दर तीन माकुलांतले एक सुटत असे, दुसऱ्या हंगामात क्वचितच सुटले, आणि एगी तीच होती.

काय न्यावे आणि काय सोडावे हा प्रश्न माकुलाच्या आयुष्याशी बांधलेला आहे. किनाऱ्याजवळ एगीला लागणारे मोठ्या परांचे माकूल, ज्याचे शास्त्रीय नाव सेपिओट्यूथिस लेसोनियाना आहे, साधारण वर्षभरच जगते. वाढते, अंडी घालते आणि मरते. पुढच्या वर्षी पाण्यात किती माकुले असतील हे जवळजवळ सर्वस्वी या वर्षीच्या अंड्यांवर ठरते. माशांमध्ये असते तशी जुन्या, मोठ्या माद्यांची शिल्लक येथे नसते. प्रजननाच्या दिवसांत ती जोडीने उथळ पाण्यातील शेवाळाजवळ येतात आणि एक लागले की दुसरे त्याच्या मागोमाग एगीपर्यंत येते. नराच्या पाठीवर आडव्या, तुटक रेघा असतात आणि मादीच्या पाठीवर गोल ठिपके, त्यामुळे जाळीत घेण्यापूर्वीच कोण आहे ते बहुधा ओळखता येते. अशा वेळी दुसऱ्या एगीने जोडीदारालाही पकडणे सर्वांत सोपे असते. तेच करू नये असे मला वाटते, कारण त्यात कौशल्याचा भाग उरत नाही आणि जोडी ज्यासाठी आली होती ते अपुरे राहते.

मागच्या हंगामात माझी एगी शेवाळातून जड होऊन वर आली तेव्हा तिच्या सुयांना बोटाएवढ्या लांबीच्या, पांढुरक्या, दुधी काचेसारख्या अंड्यांच्या शेंगांचा एक झुबका लटकलेला होता. प्रत्येक शेंगेत मण्यांसारखी ओळीने मांडलेली मोजकी अंडी स्पष्ट दिसत होती. अंड्यांतून पिल्ले बाहेर पडायला पाण्याच्या उबेनुसार काही आठवडे लागतात आणि तेवढा काळ ती शेवाळाला घट्ट धरून राहायला हवीत. मी तो झुबका शेवाळाच्या तुटलेल्या फांदीसह खडकाच्या पाण्याखालच्या फटीत शक्य तितका घट्ट बसवला, पण तो तेथे टिकला असेल असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. त्या दिवशी मी पुन्हा एगी फेकली नाही, आणि त्या काळात शेवाळाच्या पट्ट्यावर तळापर्यंत एगी सोडणे मी कायमचे बंद केले. याच कारणाने ही एगी प्रजननकाळात उथळ शेवाळावर वापरण्यासाठी मी सुचवणार नाही. तेथे मीटरला पाच-सहा सेकंद घेणारी उथळ पाण्याची एगीच योग्य, आणि तीही शेवाळाच्या वरून.

तुटलेल्या एगीचाही विचार करावा लागतो. दोन हंगामांत पाचपैकी दोन एग्या मी तळाला गमावल्या, म्हणजे शिशाचे दोन तुकडे, प्लास्टिकची दोन अंगे आणि बऱ्याच सुया समुद्रात राहिल्या. अडकलेली एगी जोराने ओढण्याने आणखी रुतते. दोरा पूर्ण सैल करून रॉडच्या टोकाने हलके, पटापट झटके दिले, किंवा शेजारी दहा-पंधरा पावले सरकून दुसऱ्या कोनातून तसे केले, तर निम्म्याहून अधिक वेळा ती सुटते. शेवटी तोडावाच लागला तर लीडर विणीच्या दोऱ्यापेक्षा कमी ताकदीचा असावा, म्हणजे तुटतो तो लीडर आणि लांबच लांब दोरा पाण्यात राहत नाही. एका दोऱ्याला दोन-तीन एग्या बांधून फेकण्याची पद्धतही आहे. तिने संख्या वाढते हे खरे, पण अडकण्याचे प्रमाणही वाढते, आणि माकुलांचा थवा दाट असताना हिसक्यात ती धडाला, पराला, कोठेही टोचली जातात. ज्याने आमिषाला धरलेच नाही त्याला ओरबाडून आणणे, याला मी गरवणे म्हणत नाही.

शेजारच्या माणसाशी वागण्याचे नियम कोठे लिहिलेले नसतात, पण ही जोडणी वापरताना ते पाळल्याशिवाय गत्यंतर नसते. विणीचा दोरा बारीक असतो आणि दुसऱ्याच्या दोऱ्यात गुंतला तर सुटत नाही; म्हणून समोर सरळ फेकावे, प्रवाहाने दोरा तिरका जात असेल तर जागा बदलावी, आणि कोणाला मोठे माकूल लागले तर शेजाऱ्यांनी आपल्या एग्या काढून घ्याव्यात. डोक्यावरचा दिवा पाण्यावर मारू नये. फेकण्यापूर्वी मागे वळून पाहावे, कारण मागे जाणाऱ्या एगीच्या सुया डोळ्याच्या उंचीवरून फिरतात. मी रात्रीही चष्मा घातल्याशिवाय फेकत नाही. ओल्या खडकावर खिळ्यांचे बूट आणि अंगावर तरंगणारे जाकीट हवे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

शाई मात्र वेगळी सांगण्याची गरज आहे. धक्क्यावर वाळलेले शाईचे काळे डाग पाहून अनुभवी गरवणारे येथे माकूल लागते हे ओळखतात, आणि म्हणून काही जण ते डाग म्हणजे जागेची खूण मानून तसेच ठेवतात. पण त्या धक्क्यावर इतरही लोक येतात, बसतात, मुलांना घेऊन चालतात. वाळल्यावर शाई घासूनही निघत नाही. ओली असताना एक बादली समुद्राचे पाणी पुरते. अस्वच्छतेच्या तक्रारी वाढल्या की गरवण्याला जागा बंद होते, आणि ती शाई धुणाऱ्यांसाठीही बंद होते. माझ्या पिशवीत दोरी बांधलेली घडीची बादली एग्यांच्या डबीइतकीच हमखास असते.

हा संच कोणी घ्यावा? सहा ते बारा मीटर खोल पाण्यासमोर, धक्क्यावरून किंवा खडकावरून, मध्यम वाऱ्यात गरवणाऱ्याने जरूर घ्यावा. हंगामाच्या आरंभी माकुले हाताच्या पंजाएवढी असतात तेव्हा साडेतीन क्रमांक मोठा पडतो; त्या दिवसांत अडीच क्रमांक लावावा, आणि खरे तर इतक्या लहान माकुलांना आणखी महिना-दोन महिने वाढू द्यावे. जोराच्या प्रवाहात ही एगी तळापर्यंत पोहोचत नाही, तेथे खोल पाण्याची जड जात लागते. विकत घेताना वेष्टनातूनच शिसे नीट मध्यरेषेवर बसले आहे का, दोऱ्याचे कडे सरळ आहे का आणि सुयांचे दोन्ही गोल एकसारखे आहेत का हे पाहावे, आणि घरी आल्यावर प्रत्येक नगाचे वजन करून तो बुडवून घड्याळ लावावे. मी स्वतः पुढच्या हंगामासाठी पूर्ण संच घेणार नाही. याच घडणीच्या नारिंगी कापडाच्या, सोनेरी पट्टीच्या दोन सुट्या एग्या, एक गडद आणि एक उथळ पाण्याची, एवढ्या चार घेईन, आणि शिसे पुन्हा बसवलेली ती जुनी एगी त्यांच्याबरोबर डबीत राहील.